सव्वाचार की साडेपाच : कौशातल्या एका नमाजखोलीचं प्रकरण

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर नमाजखोली आहे. तिच्या भिंतीवर नमाजच्या वेळा दाखवणारा सहा खोट्या घड्याळांचा फळा : रोजच्या पाच नमाजा फजर, जोहर, असर, मगरिब, इशा, आणि शुक्रवारचा जुमा. काटे प्लास्टिकचे, बोटाने फिरवायचे. 14 जून 2022 च्या मंगळवारी, जोहर झाल्यानंतर, कुणीतरी असरचे, म्हणजे दुपार कलल्यानंतरच्या नमाजचे, काटे सव्वाचारवरून साडेपाचवर नेले. थोरले चाचा सवयीप्रमाणे चारला खाली उतरले, वजू केली, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुतलं, पहिल्या सफेत, ओळीत, जाऊन बसले. सव्वाचार झाले तरी इमाम नाही. मागे वळून पाहिलं तर त्यांच्याच वयाची चार माणसं आणि वर फिरणारा पंखा.

मी ठाण्याच्या कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी केली. आधी तारीख, मग पक्षकार, मग वाद, ही हाताची सवय आहे. मोहल्ल्यात मला 'कोर्टवाले चाचा' म्हणतात ते त्यामुळेच, आणि त्याच कारणाने हे भांडण मिटवायला माझ्या गळ्यात बांधलं. नावं लिहीत नाही. सगळे रोज जिन्यात भेटतात.

पक्षकार

मुंब्र्याला लागून असलेलं कौसा हे मूळचं कोकणी मुसलमानांचं गाव. भातशेती, खाडीतली रेती, पुढे जहाजं आणि आखात. आम्ही शाफई. याला कारण समुद्र. कोकणकिनाऱ्यावर इस्लाम आला तो अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, आणि त्यांच्याबरोबर इमाम शाफईंचा मजहब, म्हणजे शरियतचा अर्थ लावायची त्यांची पद्धत, आली. केरळचे मापिल्ले आणि भटकळचे नवायत शाफई आहेत तेही याचमुळे. उत्तरेकडे इस्लाम मध्य आशियातून खुष्कीने आला, तिथे इमाम अबू हनीफांचा, म्हणजे हनफी, मजहब रुजला. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली कुटुंबंच्या कुटुंबं सामान घेऊन मुंब्र्यात आली, तेव्हा हे दोन रस्ते आमच्या गल्लीत एकमेकांना भेटले. आज आमच्या बिल्डिंगीत कोकणी घरं बोटांवर मोजावीत इतकी. बाकी उत्तर प्रदेशातली : आझमगड, बस्ती, गोंडा, जौनपूर.

खोली कोकण्यांची की सगळ्यांची, हा खरा तंटा. थोरल्या चाचांचा वाडा पाडून ही इमारत उभी राहिली. वाड्याच्या पडवीत त्यांचे वडील नमाज पढवायचे, म्हणून बिल्डरशी बोलताना चाचांनी एक खोली मागून घेतली. करारनामा मी वाचलेला आहे. त्यात ओळ एवढीच : 'नमाजकरिता खोली एक'. मजहबाचा उल्लेख नाही. उलट बाजूला बी विंगमधले कॉन्ट्रॅक्टर. खोलीची फरशी, वजूचे नळ, इन्व्हर्टर हे सगळं त्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्या लोकांनी वर्गणी काढून केलं. चाचा म्हणायचे, "हे लोक आले तेव्हा आम्ही मजहब विचारला नव्हता." कॉन्ट्रॅक्टर म्हणायचे, "और हमने टाइल लगाते वक्त नहीं पूछा था." दोघंही खरंच बोलत होते, हीच पंचाईत.

म्हसळ्याकडचे आमचे जुने इमाम गुडघ्यांमुळे 3 मे 2022 ची ईद पढवून गावी गेले. एवढ्या पगारात शाफई इमाम मिळेना. आमची शिकलेली पोरं आखातात जातात. मग कॉन्ट्रॅक्टरांनी गोंड्याहून एक तरुण मौलाना आणले. हाफिज, म्हणजे कुराण तोंडपाठ, शिवाय धर्मविद्येचा आलिमचा कोर्स केलेला, गळा गोड. कुणीच हरकत घेतली नाही. सव्वा महिन्यात काटे फिरले.

वाद

कुराणात 'सूरह निसा' या अध्यायाच्या 103 व्या आयतीत म्हटलंय की नमाज मोमिनांवर, श्रद्धावंतांवर, ठरलेल्या वेळी फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे. असर अमुक वाजता, असं नाही. ती वेळ हदीसमधून, म्हणजे नबींच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींतून, काढलेली आहे : फरिश्ता जिब्रीलने दोन दिवस नमाज पढवून दाखवली, पहिल्या दिवशी असर सावली वस्तूएवढी झाल्यावर, दुसऱ्या दिवशी दुप्पट झाल्यावर. चार मजहबांतले शाफई, मालिकी, हंबली पहिल्या सावलीला वेळ सुरू झाली मानतात. अबू हनीफांनी दुसऱ्या हदीसही वजनात घेतल्या, उन्हाचा ताप उतरल्यावर जोहर पढा ही त्यातली एक, आणि असर दुप्पट सावलीवर नेली. सावलीच्या या मापाला 'मिस्ल' म्हणतात. एक मिस्ल, दोन मिस्ल. मुंब्र्यात जूनमध्ये एक मिस्ल चारच्या सुमारास होते आणि दोन मिस्ल सव्वापाचनंतर. मधला सव्वा तास हे आमचं रणांगण.

पहिल्याच तक्रारीला मौलानांनी जे उत्तर दिलं ते बिनतोड होतं. "चचा, हमारे वक्त में आपकी असर हो जाती है. आपके वक्त में हमारी नहीं होती." शाफई मजहबात असर सूर्यास्तापर्यंत पढता येते, उशीर केला तर फजीलत, पुण्य, कमी, नमाज मात्र होते. कडक हनफी मताप्रमाणे सव्वाचारला असरचा वक्तच सुरू झालेला नसतो. म्हणजे निव्वळ कायद्याने पाहिलं तर साडेपाच ही वेळ दोघांना चालते आणि सव्वाचार एकालाच. मी न्यायाधीश असतो तर तिथल्या तिथे निकाल दिला असता.

चाचांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. मला ते जिन्यात म्हणाले, "मसला बरोबर आहे त्याचा. काटा फिरवायच्या आधी विचारलं असतं तर मीच फिरवला असता." हे वाक्य मी त्या दिवशी नीट ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पाच महिने वाचले असते.

मग दोन जमाती, म्हणजे एकत्र पढायच्या दोन वेगळ्या नमाजा, सुरू झाल्या. सव्वाचारला चाचा पाच माणसांना पढवायचे, साडेपाचला मौलाना चाळीसेक जणांना. एका खोलीत एका नमाजाच्या दोन जमाती हे कुठल्याच मजहबात कौतुकाचं नाही. पोरं खिडकीतून ओरडायची, "पहिला शो सुटला!"

आमीन

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मोहर्रमचे दिवस, मगरिबची नमाज. मगरिबला वेळेचा वाद नाही, सूर्य बुडाला की सगळ्यांचीच, म्हणून दोन्ही गट एकाच सफेत. मौलानांनी फातिहा, कुराणातली पहिली सूरह, संपवली आणि कोकणी माणसं नेहमीसारखी मोठ्याने "आमीन" म्हणाली. शाफईंत मोठ्याने म्हणतात, हनफींत मनात. नव्यानेच राहायला आलेला एक तरुण चाचांच्या शेजारी उभा होता. सलाम फिरवून नमाज संपल्याबरोबर तो म्हणाला, "ये वहाबियों का तरीका यहाँ नहीं चलेगा." चाचांच्या नातवाने त्याची कॉलर धरली.

'वहाबी' हा शब्द इथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे तो अहले हदीस मंडळींना हिणवायला वापरतात. मोठ्याने आमीन, रुकूला, म्हणजे कमरेत वाकायला, जाता-येता हात उचलणं, इमामच्या मागे फातिहा पढणं ही शाफई पद्धत हजार वर्षांहून जुनी. अहले हदीस मंडळी कुठलाच मजहब मानत नाहीत, पण हदीस पाहून याच गोष्टी करतात. त्यामुळे गोंड्या-बस्तीकडच्या माणसाने शाफई कधी पाहिलेला नसेल तर त्याला थोरले चाचा अहले हदीस वाटतात. चाचा! जे दर महिन्याला माहीमला मखदूमबाबांच्या दर्ग्यात जातात आणि घरी मौलूद, नबींच्या जन्माची स्तुती, पढतात! अहले हदीसना या दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

दुसऱ्या दिवशी दारावर छापील स्टिकर : या खोलीत नमाज फक्त हनफी तरीक्याने होईल. पोलीस चौकीत जायची भाषा सुरू झाली. मी दोन्हीकडे एकच गोष्ट सांगितली. 1885 साली बनारसच्या एका मशिदीतलं हेच भांडण अलाहाबाद हायकोर्टात गेलं होतं. मोठ्याने आमीन म्हणणाऱ्यांना दंड संहितेच्या कलम 296 खाली, धार्मिक जमावात व्यत्यय आणला म्हणून, शिक्षा झाली होती. तिथे न्यायमूर्ती सय्यद महमूद, सर सय्यद अहमद खानांचे चिरंजीव, यांनी इतर न्यायाधीशांपेक्षा वेगळं मत देऊन आमीनच्या शरियतवर निबंधच लिहिला. 1889 मध्ये त्याच कोर्टाच्या फुल बेंचने सांगितलं की मशीद सगळ्या मुसलमानांची. आमीन मोठ्याने म्हणतो म्हणून कुणाला नमाजपासून अडवता येणार नाही. "तुमच्या आधी सव्वाशे वर्षं लोक यासाठी वकिलांना पैसे देऊन मोकळे झालेत," असं मी म्हणालो तेव्हा कॉन्ट्रॅक्टर हसले. स्टिकर मात्र निघाला नाही.

चौथ्या मजल्यावर एक शिया कुटुंब राहतं. त्या आशुऱ्याला, मोहर्रमच्या दहाव्या दिवशी, त्यांच्याकडून दरवर्षीप्रमाणे हलीम आलं, दोन्ही गटांनी खाल्लं.

फळी बदलली

ज्याने कोंडी फुटली ते कुणाचं शहाणपण नव्हतं. कॅलेंडर होतं.

9 ऑक्टोबर 2022 ला ईद-ए-मिलाद. कॉन्ट्रॅक्टर बरेलवी, म्हणजे दर्गा-मौलूद मानणारे हनफी. त्यांना खोलीत मौलूद आणि शेवटी उभं राहून नबींवर सलाम हवा होता. मौलाना आतापर्यंत "मी हनफी" एवढंच म्हणत आलेले. आता ते घुटमळू लागले, आणि त्यांचा मदरसा देवबंदी धाटणीचा, म्हणजे मौलूद न मानणाऱ्या हनफींचा, असल्याचं बाहेर आलं. असरच्या प्रश्नात खांद्याला खांदा लावून उभे असलेले हनफी एका आठवड्यात दोन झाले. ज्यांनी मौलानांना आणलं तेच त्यांना काढायला निघाले.

आणि मौलूद कुणाला येतो? थोरल्या चाचांना. तोंडपाठ.

कॉन्ट्रॅक्टर मिठाईचा डबा घेऊन चाचांच्या घरी गेले. मी तिथेच होतो. चाचांनी डबा ठेवून घेतला आणि विचारलं, "तुम्ही माहीमला चादर चढवायला जाता ना?" जातो, दर साल. "मखदूमबाबा कुठल्या मजहबाचे?" कॉन्ट्रॅक्टरांना प्रश्नच कळला नाही. मखदूम अली माहिमी (1372 ते 1431) आमच्याच किनाऱ्यावरचे, शाफई फिक्हचे, म्हणजे धर्मकायद्याचे, आलिम. 'तब्सीरुर्रहमान' ही त्यांची अरबी तफसीर, म्हणजे कुराणावरचं भाष्य, हिंदुस्थानातल्या जुन्या तफसिरींपैकी एक. तिची एक खुबी चाचा फार प्रेमाने सांगतात : प्रत्येक सूरहच्या आरंभी येणाऱ्या 'बिस्मिल्लाह'चा अर्थ बाबांनी त्या त्या सूरहच्या विषयाला धरून वेगळा लावला. शब्द तेच, दर वेळी नवा उजेड. शाफईंत बिस्मिल्लाह हा फातिहाचाच भाग, तो मोठ्याने पढतात. हनफी हळू पढतात. "म्हणजे तुम्ही ज्याच्या पायाशी फूल ठेवता," चाचा म्हणाले, "तो तुमच्या खोलीत आला असता तर तुमचं स्टिकर वाचून दारातून परत गेला असता."

स्टिकर त्या रात्री निघाला. अर्धाच, गोंद चांगला होता.

मी वहीत तेव्हा फळ्या मांडून पाहिल्या. असरच्या वेळेला बरेलवी-देवबंदी एकीकडे, कोकणी-अहले हदीस दुसरीकडे. मौलूदला कोकणी-बरेलवी एकीकडे, देवबंदी-अहले हदीस दुसरीकडे. रमजानच्या रात्री पढायच्या वीस रकात, म्हणजे वीस आवर्तनं, तरावीहला अहले हदीस एकटे, बाकी सगळे विरुद्ध. एका बैठकीत तीन तलाक दिली तर किती धरायची यावर पुन्हा तीच विभागणी : चारही इमामांचे अनुयायी तिन्ही धरत आलेत, अहले हदीस एक धरतात. कुठलाही गट घ्या, त्याला कुठल्या ना कुठल्या मसल्यात उद्या आजच्या विरोधकाची गरज लागणारच होती. कुणालाही कायमचं बाहेर काढणं कुणालाच परवडणारं नव्हतं. हे लोकांना मी सांगून पटलं नसतं. मिलादने पटवलं.

बैठक

नोव्हेंबरातल्या एका रविवारी इशानंतर चाचांच्या हॉलमध्ये बसलो. खोलीत मुद्दामच नाही. घरात माणूस आवाज चढवताना विचार करतो, आणि आत बायका ऐकत असतात.

सुरुवात महाप्याला आयटीत काम करणाऱ्या अहले हदीस मुलाने केली. हुशार, मराठी शाळेत शिकलेला, मोबाइलवर सगळ्या हदीस. म्हणाला, "अल्लाह म्हणतो, सगळे मिळून अल्लाहची दोरी घट्ट धरा आणि फुटू नका. आले इमरान, 103. कुराण एक, मग मजहब चार कशाला? सोडून द्या चारही." सगळे गप्प. आयतीला कोण नाही म्हणणार?

मौलानांनी शांतपणे रेहलवरचं कुराण उघडलं. तीच सूरह, आयत 7. तिच्यात म्हटलंय की काही आयती पक्क्या अर्थाच्या, 'मुहकमात', आणि काही अनेक अर्थांना जागा देणाऱ्या, 'मुतशाबिहात'. त्यांचा अर्थ अल्लाहखेरीज कुणी जाणत नाही. "पढो यहाँ," त्यांनी बोट ठेवलं. ओळीच्या वर राईएवढा 'मीम' छापलेला होता. आपल्याकडच्या छापील कुराणांत हे चिन्ह म्हणजे इथे थांबणं लाजिम, बंधनकारक. थांबलं की अर्थ होतो : अल्लाहशिवाय कुणी जाणत नाही, आणि ज्ञानात पक्के असलेले म्हणतात, आम्ही ईमान आणलं. पण जुन्या काळापासून काही मुफस्सिर, कुराणाचे भाष्यकार, इथे न थांबता पुढे वाचत आलेत. तेव्हा अर्थ होतो : अल्लाह आणि ज्ञानात पक्के असलेले, यांच्याशिवाय कुणी जाणत नाही.

"अर्थ कोण लावू शकतो हे सांगणाऱ्या आयतीचेच दोन अर्थ," मौलाना म्हणाले. "आता सांगा, मोबाइल कुठे थांबतो?"

मुलगा रागावला नाही, हे त्याचं मोठेपण. पण माझं मत मी लिहून ठेवतो. तो एकी मागत होता आणि आणत होता पाचवा गट. चारांना मिटवून एक करायला निघालेला माणूस स्वतः मोजायचा राहतो.

मग फातिहाचा मसला निघाला. हनफी 'सूरह आराफ'ची 204 वी आयत पुढे करतात : कुराण पढलं जात असेल तेव्हा लक्ष देऊन ऐका आणि गप्प राहा, म्हणून इमामच्या मागे काही पढायचं नाही. शाफई हदीस पुढे करतात : फातिहाशिवाय नमाज नाही. जुने इमाम फातिहानंतर चार श्वास थांबायचे, तेवढ्यात मागचे पढून घ्यायचे. नवे मौलाना थांबत नसत. चाचांची पाच महिन्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच निघाली. असर नव्हे. "मला फातिहा पुरी करू देत नाही हा," म्हातारा माणूस म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

इतक्यात आतून माझी फुफू, आत्या, बोलली. वय ऐंशीच्या पुढे, हज केलेली. ती म्हणाली, "निसाची आयत कुणी काढली की नाही अजून? लामस्तुमवाली?"

काढली नव्हती. निसाच्या 43 व्या आणि माइदाच्या 6 व्या आयतीत वजू आणि तयम्मुमच्या, म्हणजे पाणी नसताना मातीने शुद्ध व्हायच्या, हुकमात शब्द येतो, 'लामस्तुमुन्निसा'. तुम्ही बायकांना स्पर्श केला असेल तर. इमाम शाफईंनी स्पर्श म्हणजे स्पर्शच धरला. आई-बहिणीसारखं जवळचं नातं नसलेल्या बाईच्या, अगदी बायकोच्याही, त्वचेला पुरुषाची त्वचा लागली की दोघांचीही वजू गेली. अबू हनीफांनी तो शब्द आडून बोललेला मानला, अर्थ शरीरसंबंध. आधाराला हजरत आयेशांची हदीस : नबी रात्री नमाज पढत असत, सज्द्याच्या, माथा टेकायच्या, वेळी त्यांना हात लावत, त्या पाय आखडून घेत, आणि नमाज पुढे चालू राही.

"काबाभोवतीच्या तवाफात लाखो माणसं," फुफू म्हणाली. "खांद्याला खांदा, हाताला हात. शाफई हिशेबाने माझी वजू सात फेऱ्यांत सत्तर वेळा गेली असती. टूरवाल्या मौलवीने सांगितलं, इथे हनफींचं धरा. धरलं. माझा हज झाला की नाही ते चाचांना विचारा."

चाचा काही बोलले नाहीत. मग कॉन्ट्रॅक्टर हळूच म्हणाले, की मक्केत असर पहिल्या मिस्लला होते. तेही तिथे त्याच जमातीत पढले होते. चाळीस दिवस.

मौलानांनी मग ती गोष्ट सांगितली जी त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. अबू हनीफांचे दोन थोर शागीर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, असर एका मिस्लवरच मानत. म्हणजे हनफी घराच्या आतच दोन मतं. आणि त्याच इमाम मुहम्मदांकडे पुढे इमाम शाफई शिकले. "मग जूनमध्ये का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "किसीने पूछा नहीं," ते म्हणाले. पुन्हा तेच.

त्या रात्री निर्णय काही झाला नाही. कॉन्ट्रॅक्टरांचे दोन सोबती उठून गेले, एकजण चप्पल आपटत.

गच्चीवरची पाइप

18 डिसेंबरला, रविवारी, मी आणि मौलाना गच्चीवर गेलो. मीटरभर लांबीची पीव्हीसीची पाइप विटांत उभी केली. मला सावली डोळ्यांनी पाहायची होती. कोर्टात आम्ही पंचनाम्याशिवाय काही मानत नाही. बारा पस्तीसला सूर्य माथ्याच्या रेषेत आला तेव्हा सावली साधारण 91 सेंटीमीटर. ही मूळ सावली, ती वगळून मोजायचं. पावणेचारच्या जरा आधी सावली मूळ अधिक एक मीटर झाली. साडेचारच्या सुमारास मूळ अधिक दोन. जूनमधला सव्वा तास डिसेंबरात पाऊण तासावर आला होता. पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून आम्ही पाइपशेजारी बसलो, खाली मुंब्रा स्टेशनात लोकल शिटी देत होती.

मौलाना म्हणाले, "एक बात बताऊँ? वो काँटे मैंने घुमाए थे." कुणाच्या सांगण्यावरून नाही. त्यांना फळा चुकलाय असं वाटलं होतं. सव्वाचारला असर? जुन्या इमामच्या बोटाने सरकला असेल काटा. "किताबों में इमाम शाफई रोज मिलते थे. हर मसले में लिखा रहता, इमाम शाफई ऐसा कहते हैं, उनको जवाब ये है. जिंदा शाफई पहली बार यहाँ देखा." सव्वीस वर्षांच्या पोराने फळा दुरुस्त केला, आणि आम्ही मोठ्यांनी त्यात जमिनीचा सातबारा वाचला.

हे मी चाचांना सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "मला येऊन सांगायला काय झालं होतं त्याला?" तेवढ्यासाठी मौलाना दुसऱ्या दिवशी वर गेले. चहा प्यायले. आत काय बोलले मला माहीत नाही.

तडजोड

1 जानेवारी 2023 पासून : असर बाराही महिने दोन मिस्लनंतर. फजर चाचांचा नातू पढवणार, तोच कॉलर धरणारा; तो श्रीवर्धनला हिफ्ज करून, कुराण पाठ करून, आलाय. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर तो हात उचलून कुनूतची दुआ पढतो, हनफी तेवढा वेळ हात सोडून गप्प उभे राहतात. पहिल्या आठवड्यात निम्मी सफ सवयीने सज्द्यात गेली आणि ओशाळून परत उठली. बाकी नमाजा मौलाना पढवतात, फातिहानंतर चार श्वास थांबून. आमीन ज्याची त्याची. मौलूद ज्यांना हवा त्यांचा. जो बसणार नाही त्याला का बसला नाहीस असं विचारायचं नाही. मौलाना राहिले.

चाचा हरले असं बिल्डिंगीत बोललं गेलं. ते रोज सव्वाचारला घरी त्या चार म्हाताऱ्यांना घेऊन असर पढतात, आणि साडेपाचच्या जमातीला खाली येऊन पुन्हा पढतात. शाफई मजहबात एकदा पढलेली नमाज जमातीबरोबर पुन्हा पढणं चांगलं मानतात. हनफींत असरनंतर नफल, म्हणजे ऐच्छिक नमाज, नाही, त्यामुळे मौलानांना हे करता आलं नसतं. चाचांनी काहीही सोडलेलं नाही.

उणीव एक राहिली, ती माझ्या खात्यावर. चौथ्या मजल्यावरच्या शिया गृहस्थांना बैठकीला बोलवायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. नंतर लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "साहेब, माइदाची तीच सहावी आयत. पायांच्या शब्दावर जबर की जेर, म्हणजे 'अ' की 'इ', यावर वजूत तुम्ही पाय धुता आणि आम्ही ओला हात फिरवतो. कैरोच्या अल-अझहरच्या शेख शलतूतांनी 1959 साली फतवा दिलाय की आमच्या जाफरी मजहबाप्रमाणे इबादत जायज आहे. तुमच्या खोलीत मला उभं राहू देतील का?" तोवर चौथा मजला आला. मी "का नाही" म्हणालो, पण कमिटीपुढे तो विषय अजून ठेवलेला नाही. ठेवला तर फळ्या परत कशा बदलतील याचा अंदाज येत नाही, हे खरं कारण.

24 मार्च 2023 ला रमजान सुरू झाला आणि ज्याचा कुणीच विचार केला नव्हता ती वित्र, रमजानात तरावीहनंतर जमातीने पढायची नमाज, पुढे आली. हनफी तीन रकात एका सलामाने पढतात. शाफई दोन पढून सलाम फिरवतात, मग एक वेगळी. इथे चार श्वास थांबून भागत नाही. शेवटी असं ठरलं : तरावीहच्या वीस रकाती एकत्र, अहले हदीस मुलगा आठवर सलाम करून निघतो. मग मौलाना हनफींना वित्र पढवतात, तेवढा वेळ आम्ही बाहेर चपलांच्या रॅकपाशी उभे. मग ते बाहेर, आम्ही आत, नातू पढवतो. बाहेरच्यांसाठी कॉन्ट्रॅक्टरांनी कटिंगची किटली ठेवायला सुरुवात केली. पहिल्या पाळीला गरम मिळतो, दुसऱ्या पाळीला गार, अशी तक्रार विसाव्या रोज्याला माझ्याकडे आली. लेखी.